चौथं झाकण आणि चमचाभर दही

काढता येतं म्हणे! नाही, तुम्हीच सांगा, काढता येतं ह्यात कौतुक ते काय? पातेल्यावरचं झाकण काढता येतं, पायातली चप्पल काढता येते, माझी तर वरची बत्तीशीसुद्धा काढता येते, म्हणून काय मी ती हातात धरून सेक्टरभर मिरवते का, "बघा हो बघा, काढता येते" म्हणून? पण आमचा विलास मिरवतो! त्या दिवशी करोल बागेतून आला मेट्रोनं, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, आणि काखेत ह्या एवढ्याल्या चार थाळ्या. मला वाटलं ऑफिसात कुणी रिटायर झालं असेल, जाताना सगळ्यांना परात वाटली असेल. म्हटलं, "अरे विलास, चार कशाला उचलल्यास? कणीक मळायला एक पुरे की." तर हसला. बावन्न वर्षांचा माणूस, केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर, आणि पेढा मिळाल्यासारखा हसला हो! म्हणतो, "आई, परात नाही ही. व्हील कव्हर्स आहेत. गाडीच्या चाकांना लावायची. पेट्रोल वाचतं. आणि सगळ्यात बेस्ट काय माहितीये? काढता येतात!"

मी म्हटलं, "अरे, काढायचीच आहेत तर लावायची कशाला?"

मग मला समोर बसवून शिकवलं. मी पाटीला कधी हात लावला नाही, शाळेचं तोंड बघितलं नाही, पण ऐकलेलं विसरत नाही, शब्द न् शब्द सांगते तुम्हाला. "आई, समजून घे. चाकाला भोकं असतात ना, त्यातून हवा आत घुसते, आत गोल गोल फिरते आणि गाडीला मागे खेचते. झाकण लावलं की चाक सपाट. हवा अशी घसरून जाते. इंजिनावर लोड कमी. अ‍ॅव्हरेज वाढतं." म्हटलं, "किती वाढतं?" तर इकडे बघितलं, तिकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं... "हायवेला असलो, स्पीडमध्ये असलो, तर... थोडं."

आता आमची गाडी कुठं जाते ते ऐका. सोमवार ते शुक्रवार हा मेट्रोनं ऑफिसला. शनिवारी गाडी धुवायची. रविवारी सेक्टरच्या बाजारात भाजीला, तेही इतकं लांब की माझे गुडघे असे असून मी चालत निघाले तर त्याच्या आधी दुधी घेऊन उभी राहीन. ह्या गाडीला हवा मागे खेचते म्हणे! अहो, उभी असते तेव्हा जे काय वारं लागेल तेवढंच!

बरं, आणलीस तर आणलीस, लाव आणि गप्प बस. पण नाही. दिल्लीच्या आसपास काढता येणारी वस्तू बाहेर राहते का कधी? आरसा काढता येत होता, आरसा गेला. वायपर काढता येत होता, तो गेला. म्हणून रविवारी सकाळी झाकणं लावायची, दुधी-भेंडी आणायची, आणि घरी आल्या आल्या झाकणं काढून आत. आत म्हणजे कुठं? माझ्या कॉटखाली! माझी ट्रंक गेली गॅलरीत, उन्हात, आणि तिच्या जागी चार झाकणं. उठता-बसता टाच लागते, खडाम्! बघायला स्टील, हातात घ्याल तर प्लास्टिक, आणि मध्ये जरा फुगीर. काढता येतं म्हणे! काढलेलं कुठं ठेवायचं हे त्या विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं.

आता नवी वस्तू घरात आली, चाकाला लागणार, तिला कुंकू नको? मी करंडा घेऊन बसले, चारही झाकणांवर स्वस्तिक काढायला. विलास धावत आला, "आई, नको! कुंकवाचा थर बसला तर हवा अडेल!" कुंकवानं हवा अडते! माझी नात कादंबरी, कॉलेजात जाते, जन्मापासून दिल्लीचं पाणी, मराठी बोलते पण निम्मी, ती म्हणाली, "आजी, चिल, नेलपॉलिश ले लो. फ्लॅट बसतं, पापांची हवा नहीं रुकेगी." तर घेतली नेलपॉलिश. तीन झाकणांवर लाल स्वस्तिकं काढली, चौथ्यावर दोन फाटे काढले आणि लाल संपलं. मग उरलेले दोन फाटे गुलाबी. अर्धं लाल, अर्धं गुलाबी. हे लक्षात ठेवा. मी उगीच काही सांगत नाही.

वरच्या मजल्यावरच्या हरीशजींनी खाली वाकून बघितलं, म्हणाले, "विलासजी, गाड़ी है कि बर्तनों की दुकान?" विलास म्हणाला, "हरीशजी, एरोडायनॅमिक है." हरीशजी म्हणाले, "अच्छा अच्छा," आणि आत जाऊन हसले, मला ऐकू आलं.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारे, चार झाकणांपायी एवढा जीव का काढतेस? सांगते. ह्या झाकणांपायी माझी शेवंता हातावर दही न घेता गेली.

शेवंता माझी धाकटी बहीण. चार वर्षांनी लहान. आम्ही दोघी सातारच्या बाजूच्या. माझ्या मालकांना सरकारी छापखान्यात नोकरी लागली, तेव्हा मी फरीदाबादला आले ती आलेच, पन्नास वर्षं झाली. शेवंता गावाकडेच. अधूनमधून कुणाच्या लग्नात भेट, कुणाच्या दहाव्याला भेट. आणि तीन वर्षांमागं तिचा नातू शंभू, फौजेत हवालदार आहे, त्याची बदली आली दिल्ली कँटला. क्वार्टर मिळालं, आजीला घेऊन आला. तीन वर्षं हो! म्हातारपणी बहीण परत मिळाली मला. महिन्यातून एकदा ती माझ्याकडे नाहीतर मी तिच्याकडे, आणि बसलो की भांडण. कशावरून? आमच्या म्हशीचं वाकडं शिंग डावं होतं की उजवं. उजवं होतं! मी धार काढायची त्या म्हशीची! हिला काही आठवत नाही, जेवली काय ते आठवत नाही, पण "डावंच होतं अक्का" म्हणून वाद घालायला पहिली. तीन वर्षं आम्ही त्या शिंगावर काढली. सुखाची गेली.

मग मे महिन्यात शंभूला पुढची बदली आली, लांब सरहद्दीवर. तिथं घरचं माणूस नेता येत नाही. क्वार्टर सोडायचं, आजीला गावी पोचवायचं आणि आपण पुढं जायचं. शेवंता मला फोनवर म्हणाली, "अक्का, निजामुद्दीनला ये. दही घेऊन ये. पांडूसारखं नको व्हायला."

पांडू आमचा थोरला भाऊ. पासष्ट साली पलटणीतून बोलावणं आलं, सुट्टी अर्धी टाकून निघाला. आईनं हात धरला त्याचा, दही ठेवायला, ठेवलं म्हणजे माणूस परत येतो ना घरी... तर घरात दही नाही. म्हैस आटलेली. मला वाटी घेऊन पिटाळलं शेजारी. मी पळत गेले, पळत आले, एस.टी. निघून गेली होती. वाटी माझ्या हातात. पांडू काही आला नाही परत. असो.

तर दही. आदल्या दिवशी म्हशीचं दूध आटवून विरजण लावलं. असं लागलं दही, असं लागलं, सुरीनं कापावं! स्टीलचा डबा, त्याला ओलं फडकं गुंडाळलं. गाडी तीनची. शेवंताची गाडी म्हणते मी, रेल्वे. आमच्या घरापासून निजामुद्दीन तासाभराचं, म्हणून मी अकरालाच चपला घालून दारात. कादंबरी म्हणाली, "पापा, कैब कर लेते हैं ना. एसी में आराम से." विलासचं तोंड एवढंसं झालं. "चार झाकणं काय भिंतीला लावायला आणलीत?"

आणि खाली जाऊन बघते तर हा चाकापाशी उकिडवा बसलेला! काय झालं होतं, मागच्या रविवारी चौकात एक झाकण सुटलं होतं. सुटलं ते पडलं नाही, उभंच्या उभं घरंगळत गेलं, आमच्या गाडीच्या पुढं, सिग्नल तोडून पलीकडं! आणि विलासला काय वाटावं? "बघितलंस आई? हवा अजिबात अडत नाही त्याला!" म्हटलं, "खरंच रे, अ‍ॅव्हरेज बघायचं तर त्याचंच बघ, थेंबभर पेट्रोल न पिता गेलं." तर आता ते सुटू नये म्हणून त्यानं त्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणल्या होत्या, वायरी बांधायच्या, एकदा ओढल्या की मागे न येणाऱ्या. एकेका झाकणाला आठ आठ. किती झाल्या? बत्तीस! एक ओढतोय, कर्र... दुसरी ओढतोय, कर्र... साडेबारा झाले. मी म्हटलं, "विलास, काढता येतं म्हणालास ना? मग आता काढणार कसा?" म्हणतो, "आई, आत्ता काढायचंच नाहीये!"

निघालो. जून महिना. बाहेर काय ऊन, डांबर मऊ झालेलं. मी काच खाली करायला गेले तर ओरडला, "आई, काच नको! हवा आत शिरली तर झाकणांचा उपयोग काय?" बरं, एसी? "एसी पेट्रोल खातो." म्हणजे बाहेर हवा घसरत होती आणि आत आम्ही शिजत होतो! कादंबरी मागं वहीनं वारा घेत होती तर तिलाही म्हणाला, "हळू." हळू म्हणे! आणि स्पीड ठरलेला. पन्नास. पन्नासच्या वर जायचं नाही, पन्नासच्या खाली यायचं नाही, तिथं अ‍ॅव्हरेज बेस्ट मिळतं. मथुरा रोडवर पन्नासच्या खाली यायचं नाही! अहो, बदरपूरला आम्ही शून्यावर होतो, पुढं ट्रक, मागं ट्रक, आणि बाजूनं एक ई-रिक्षा निघून गेली, आत सात माणसं, वर गादी, आणि गादीवर कूलर. तिच्या चाकाला झाकण नव्हतं.

मांडीवर माझा डबा. आत दही हलायला लागलेलं, मला कळत होतं, डब्याच्या कडेनं डुब डुब. म्हटलं, हल बाई, पण पोच.

आणि बदरपूर सुटलं, रस्ता जरा मोकळा झाला, आता पोचतो असं मी मनात म्हटलं, आणि म्हणायला नको होतं, विलासनं गाडी वळवली पेट्रोल पंपात! "पेट्रोल संपलं?" "नाही आई, हवा चेक करतो. दोन मिनिटं. गाडी जड लागतेय. हवा कमी असली ना, तर झाकणांनी जे कमावलं ते सगळं जातं."

पंपावरचा हवेवाला, ह्या एवढ्या मिशा, कमरेला पंचा, पाईप घेऊन आला. चाकाभोवती फिरला. वाकला. परत फिरला. "भाईसाहब, हवा डालूँ कहाँ? वाल किधर है?"

"अंदर है भैया. कव्हर के पीछे."

"तो ढक्कन हटाओ."

"हाँ हाँ, निकल जाता है," असं म्हणाला विलास. आणि मग त्याचा हात जागच्या जागी थांबला. बत्तीस पट्ट्या! ओढून बघितलं. मग बसून ओढलं. मग एक पाय टायरला लावून ओढलं, दाढ उपटतात तसं. हवेवाला उभा, मिशीत हसतोय. विलास म्हणतोय, "निकलता है भैया, निकलने वाला ही है." हवेवाला म्हणाला, "साहब, निकलता दिख तो नहीं रहा." काढता येतं म्हणे!

"विलास, नको हवा, चल," मी म्हटलं. "आई, आता ह्यानं सांगितलं ना, डावीकडचं बसलंय. अशी चालवली तर टायर जाईल. फाटलं तर तिथंच बसू." मग कात्री द्या, पकड द्या. "पकड तो पंचर वाला ले गया माताजी, खाना खाने गया है, चाभी भी उसी के पास." आमच्या डिकीत? डिकीत पकड नाही, पाना नाही, काही नाही, वजन वाढतं म्हणून काढून ठेवलेलं घरी!

मग मी उतरले. काय करणार? बटवा काढला, बटव्यातून अडकित्ता काढला. कादंबरी म्हणते, "आजी! ये क्या है? सो क्यूट!" म्हटलं, "बाई गं, ह्याला अडकित्ता म्हणतात. ह्यानं सुपारी कातरतात." "तू ये लेके मेट्रो में जाती है?" म्हटलं, "विचारलं नाही कुणी कधी." आणि बसले मी पंपावर, मांडी येत नाही मला, पाय पसरून बसले, आणि लावला अडकित्ता पट्टीला. कट्! गेली. हवेवाला म्हणाला, "वाह माताजी!" कट्! दुसरी. माणसं जमली हो. स्कूटरवाले, टेंपोवाले, एक बाई तर फोन उभा धरून माझा फोटो काढायला लागली. एका चाकाच्या आठ झाल्या, मी उठायला गेले, तर हा म्हणतो, "आई, एकाच चाकात भरून चालत नाही, चारही सारखी लागतात." अशी बत्तीस! बत्तीस पट्ट्या कातरल्या मी, जन्मात एका दिवशी बत्तीस सुपाऱ्या कातरल्या नाहीत!

आणि डबा? डबा गाडीत होता, मघाच्या त्या शिजत्या गाडीत. कादंबरीला वाटलं, दही नासेल. चांगल्या मनानं केलं पोरीनं, तिला मी काही बोलले नाही. डबा बाहेर आणला, सावलीत ठेवायचा, पण जमीन सगळी तेलकट, काळी. काढलेलं झाकण पडलं होतं, वर स्वस्तिक, स्वच्छ. तिनं डबा त्यावर ठेवला आणि वरचं फडकं परत भिजवायला सोडलं. मी सांगितलं होतं ना तुम्हाला, मध्ये जरा फुगीर आहे ते? तिची पाठ वळली आणि डबा निघाला. हळूहळू, माझ्या डोळ्यांदेखत, हवा घसरते म्हणतात ना, तसा घसरला! आडवा झाला, वरचं झाकण उडालं, आणि माझं दही, सुरीनं कापायचं दही, सगळं त्या झाकणावर. अर्धं लाल, अर्धं गुलाबी, आणि त्यावर पांढरं.

डबा उचलला. तळाला चमचाभर उरलं होतं. चमचाभर! म्हटलं, हरकत नाही. हातावर ठेवायला लागतं किती? चमचाभरच लागतं.

हवेवाला बिचारा म्हणाला, "लाओ माताजी, धो देता हूँ," आणि ते झाकण घेऊन नळाकडं गेला. इकडं शंभूचा फोन, "आजी, कुठवर आलात? गाडी फलाटावर लागली." दोन वाजून दहा मिनिटं! "चला चला चला!" विलासनं झाकणं हातानं ठोकून बसवली, थप्, थप्, थप्, आम्ही आत, गाडी सुरू, निघालो. तीनदा थप् झालं होतं. मला ऐकू आलं होतं हो! पण मी गप्प बसले. मुद्दाम गप्प बसले. म्हटलं, जाऊ दे ते, तीन काय कमी आहेत?

आश्रमच्या सिग्नलला थांबलो. निजामुद्दीन तिथून ते काय, हाकेवर. आणि एका मोटारसायकलवाल्यानं काचेवर टकटक केलं. चांगला माणूस, देवमाणूस, मेला कुठला! "भाईसाहब, पीछे का एक ढक्कन गिर गया आपका."

विलासनं आतल्या आरशात बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "नाही." अजून तो काही बोललाही नव्हता. म्हणाला, "आई, ऐक. तीन लागलीत आणि एक उघडं. गाडी एका बाजूला ओढणार. तिन्हींचा उपयोग शून्य." म्हटलं, "विलास, शेवंता बसलीय तिथं!" "आई, अजून अर्धा तास आहे. दहा मिनिटं जायला, दहा यायला. एकटं झाकण मिळत नाही गं, सेटच घ्यावा लागतो!" आणि घेतला यू-टर्न. म्हणजे यू-टर्न घ्यायला आधी पुढं जायचं, मग उलटं यायचं, मग पंपाच्या समोरून पुढं जायचं, मग परत यू-टर्न... तुम्हाला माहीत आहे इथले रस्ते, समोर दिसतं आणि सापडत नाही. पंपावर पोचलो तर मिशीवाला नाही. दुसराच उभा. "ढक्कन? अभी एक आदमी ले गया. बोला मेरा है." काढता येतं म्हणे! आलं की काढता! त्या माणसाला बरोबर काढता आलं!

निजामुद्दीनला पोचलो तेव्हा तीनला चार मिनिटं. विलासला आता कळलं होतं. तोंड पांढरं पडलेलं. "आई, चल, चल आई," पण मला चालवतं कुठं? तर तिथं एक हमालाची ढकलगाडी उभी होती, पार्सल न्यायची. मला उचललं त्यानं, सेक्शन ऑफिसरनं, आणि बसवलं गाडीवर गोणीसारखं. हातात माझ्या डबा. आणि जे ढकललं त्यानं मला... उतारावरून, माणसांतून, "हटो भाई, हटो!" मागं हमाल ओरडतोय, त्याच्या मागं कादंबरी पळतेय! आमचा विलास जन्मात कधी पन्नासच्या वर गेला असेल तर तेव्हा. आणि त्या ढकलगाडीला झाकणं नव्हती हो!

शिट्टी झाली. गाडी हलली. "बी-टू, पापा, बी-टू!" कादंबरी ओरडतेय. रेल्वेचा डबा पुढं सरकायला लागला. एसीचा डबा, काळ्या काचा, आतलं काही दिसत नाही. आणि एका काचेवर आतून हात. पसरलेला तळवा, काचेला टेकवलेला. मी बघितला. म्हटलं, शेवंता गं! बोटांवर घेतलं दही आणि लावलं काचेवर, त्या तळव्यावर, बाहेरून. क्षणभर तळवा आत आणि दही बाहेर. मग गाडी गेली. काचेवरचा पांढरा ठिपका लांब लांब जात होता तो मला बराच वेळ दिसत होता. पुलाखाली जाईपर्यंत.

मी ढकलगाडीवर बसून होते. डबा माझ्या हातात.

पण म्हटलं, लागलं ना? काचेवरून का होईना, लागलं. विलास रडायच्या बेताला आलेला, त्याला मीच म्हटलं, "असू दे रे, लागलं." आणि तासाभरानं फोन आला. "अक्का, का नाही आलीस? मी दाराशी उभी होते, मग शंभूनं आत बसवलं. आमच्या खिडकीतून नुसते रूळच दिसत होते."

"अगं मग तो हात?"

शंभूनं फोन घेतला. "आजी, पलीकडच्या बाजूला एक काका बसलेत भोपाळचे. ते मघापासून विचारतायत, दिल्लीत म्हाताऱ्या बायका काचेला दही का लावतात?"

आता बोला! भोपाळचे काका दर महिन्याला दिल्लीला येतात म्हणे कामाला. येणारच! दही लागलंय ना! ती रेल्वेसुद्धा तिसऱ्या दिवशी परत आली निजामुद्दीनला. शेवंता तेवढी गेली. दर रविवारी फोन करते. म्हणते, "अक्का, इथं बरंय. आता डोळ्यांना दिसत नाही गं, माझं काही यायचं व्हायचं नाही. आणि शिंग डावंच होतं." मी वादही घालत नाही आता. फोनवर कसला वाद? समोर बसून, तिच्या पानातली सुपारी मी कातरतेय आणि ती खोटं बोलतेय, तर मजा.

पण संपलं नाही अजून. पंधरा दिवसांनी विलास करोल बागेत गेला, एकटं झाकण मिळतं का बघायला. आला तो धापा टाकत. "आई, बघ! दुकानदार म्हणाला, सिंगल पीस मिळत नाही कधी, आप लकी हो, आज ही आया है!" माझ्या पुढ्यात ठेवलं. अर्धं लाल, अर्धं गुलाबी. मी बोट फिरवलं कडेनं. खाचेत दही होतं. वाळलेलं, कडक.

पांडू आला नाही, शेवंता येत नाही, आणि हे आलं. माझ्या कॉटखाली. चौथं.

विलासनंही बघितलं ते दही. अ‍ॅव्हरेजचा शब्द नाही, हवेचा शब्द नाही. मग माझ्या पायाशी बसला, लहानपणी बसायचा तसा, आणि म्हणाला, "आई, माझं चुकलं. दिवाळीच्या सुट्टीत मी तुला मावशीकडं नेतो. गाडीनं. थेट तिच्या दारात उतरवतो." माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. पोटचा पोरगा आहे, कळतं त्याला. डोक्यावरून हात फिरवला त्याच्या. आणि तेवढ्यात म्हणाला, "आणि लाँग रन आहे ना आई, सगळा हायवे. तिथं खरं अ‍ॅव्हरेज कळेल!"

चौदाशे किलोमीटर! पन्नासच्या स्पीडनं! काचा बंद!

उद्या पहाटे निघायचंय. सकाळपासून खाली चाकापाशी बसलाय, कर्र... कर्र... ह्या वेळी एकेका झाकणाला सोळा पट्ट्या. मी अडकित्त्याला धार लावून घेतली. काढता येतं म्हणे! आणि कादंबरीनं जन्मात पहिल्यांदा विरजण लावलंय, फोनमध्ये बघून, दर तासाला झाकण उघडून बघतेय लागलं का. मघाशी आली माझ्याकडं, म्हणाली, "आजी, उद्या निघताना तुझ्या हातावर दही मैं रखूँगी, ओके? मग तू पक्की परत येशील."

मी हात पदराखाली घेतला. म्हटलं, "नको गं बाई. परत ह्याच गाडीनं यावं लागेल."